कनगसबै मास्तरांनी मारलेल्या आज्या

मलेशियातल्या आमच्या तेलुक इंतानमध्ये दोन गोष्टी सरळ नाहीत. एक चौकातला घड्याळाचा मनोरा, आणि दुसरं कनगसबै मास्तरांचं इंग्रजी. मनोरा कललाय म्हणून माणसं लांबून बघायला येतात. मास्तर समोरून येताना दिसले की माणसं लांबूनच वळतात. मास्तर तुसडे आहेत म्हणून नव्हे हो. इतका प्रेमळ माणूस गावात दुसरा नाही. पण त्यांना "कसं काय, मास्तर?" म्हणावं, तर "बरं आहे" एवढ्यावर सुटका नाही. "डेझीच्या फुलासारखा टवटवीत!" असं इंग्रजीत गरजून ते वर डेझीच्या फुलाची थोरवी सांगतात. डेझीचं फूल गावात कुणी पाहिलेलं नाही. मास्तरांनीही नाही.

दुपारी पाऊस आला की बाकीचे लोक मुकाट्यानं दुकानांच्या पडवीत सरकतात. मास्तर छत्री उघडतात आणि जाहीर करतात, "आज मांजरं आणि कुत्री पडताहेत!" पडवीत अंग चोरून बसलेलं खरं मांजर तेव्हा त्यांच्याकडे असं बघतं, की मास्तरांच्या जागी मी असतो तर शब्द मागे घेतला असता. मास्तर घेत नाहीत. साधा शब्द वापरणं म्हणजे बनियनवर बाहेर पडणं, असं त्यांचं मत आहे, आणि ते स्वतः भर उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा मनगटापर्यंत बटणं लावून घालतात.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर एसपीएमच्या पोरांचा इंग्रजीचा क्लास घेतात. एसपीएम म्हणजे शाळेची शेवटची सरकारी परीक्षा. तिच्यात इंग्रजीला ए मिळाला की पोर डॉक्टर झालं असं आईबाप धरून चालतात. ए मिळवायचा तर निबंधात भारी शब्द हवेत. आमच्याकडे पोरं त्यांना बॉम्बास्टिक शब्द म्हणतात, आणि ही शिवी नाही, कौतुक आहे. मास्तरांकडे अशा शब्दांची नि वाक्प्रचारांची कोठारं भरलेली. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या क्लासच्या समोरच आहे. नोट्स माझ्याच मशीनमधून निघतात, त्यामुळे गावातल्या कुठल्या पिढीनं कुठला शब्द पाठ केला ते मला ठाऊक असतं.

आता मास्तरांच्या शास्त्रातलं मुख्य कलम सांगतो. वाक्प्रचार हा ओल्या कपड्यासारखा असतो, तो वाळत घालायला दोरी लागते, आणि दुःखाइतकी लांब दोरी दुसरी नाही. म्हणून निबंधात कुणीतरी मेलं पाहिजे. आई मारली तर आया क्लासला येऊन रडतात. बाप मारला तर फी बंद होते. आजोबांच्या मरणानं वाचणाऱ्याला म्हणावा तसा पाझर फुटत नाही. राहिली आजी. आजी अगदी बरोबर मापाची. म्हणून मास्तरांच्या आदर्श निबंधात आजी मरते. विषय काहीही असो. 'समुद्रकाठची सहल' असली तर दुसऱ्या परिच्छेदात फोन वाजतो. 'अटीतटीचा फुटबॉल सामना' असला तर मध्यंतरात वाजतो. निळ्या आकाशातून वीज कोसळते, चेहरा चादरीसारखा पांढरा पडतो, हृदयाचे लक्ष तुकडे होतात, अश्रूंच्या नद्या वाहतात, आणि आजी अखेरचा श्वास घेते. दरवर्षी परीक्षेच्या त्या एका सकाळी आमच्या गावातल्या आज्या सरसकट जात आणि संध्याकाळी बाजारात मासळीवरून घासाघीस करताना दिसत.

त्यातलीच एक आमची गो आमा.

गो हे आडनाव, आमा म्हणजे आजी. ती तशी पेई शिन नावाच्या मुलीची आजी, पण सगळं गाव तिला आमाच म्हणतं. उंचीला जेमतेम टेबलाएवढी, पायात रबरी सपाता, कमरेला नाडीनं बांधलेली कात्री. क्लासच्या खाली तिचं ची चोंग फनचं दुकान. तांदळाच्या वाफवलेल्या सुरळ्या, आत सुकी कोलंबी आणि कंद. गिऱ्हाईक आलं की आमा सुरळी कात्रीनं कचाकच कापून देते आणि कापताकापता त्याची खरडपट्टीही काढते. लोक दोन्हीसाठी येतात. इमारत तिच्याच मालकीची. मास्तरांना वरची खोली तिनं दिली ती एका अटीवर: "माझी नातवंडं शिकव, आणि मला वर बोलावू नकोस, माझे गुडघे दुखतात."

नातवंडं शिकली. थोरला इपोहला दातांचा डॉक्टर झाला, मधली पेनांगला मोठ्या कारखान्यात लागली, आणि धाकटी पेई शिन यंदा परीक्षेला. दुपारी चारला वरून पोरांचा एका सुरात इंग्रजी पाठांतराचा घोष सुरू झाला की आमा गिऱ्हाइकांना गप्प करायची. "श्श, ऐका. किती गोड म्हणतात बघा. माझीपण आहे त्यात." आणि त्या ठेक्यावर कात्री चालवायची.

हे असंच चाललं असतं. पण यंदा शाळेत केलांतानहून झुलहिल्मी नावाचे एक तरुण मास्तर बदलून आले. सरावपरीक्षेचे पेपर त्यांच्याकडे गेले आणि पहिलाच हाती लागला पेई शिनचा. मन इतकं कोवळं, की बिचारे स्टाफरूममध्ये रडले. पुढचा पेपर उघडायच्या आतच त्यांनी सहकाऱ्यांकडून चिनी लोकांच्या दुखवट्याची रीत नीट विचारून घेतली: पाकीट पांढरं, रक्कम विषम, लाल कपडा घालायचा नाही. आणि शाळा सुटल्यावर काळा शर्ट घालून, मान खाली घालून ते आमाच्या दुकानात येऊन उभे राहिले. मी तेव्हा तिथेच खात होतो.

"आंटी, फार वाईट झालं."

"काय वाईट झालं? तुम्ही पेई शिनचे सर ना? बसा. समोरून तुमच्यासाठी चहा मागवते."

"नको, नको. अशा वेळी चहा कसला! पण तुम्ही मोठ्या धीराच्या. लगेच कामाला उभ्या राहिलात."

"मी रोजच उभी असते. बसले तर ही कामाची पोरगी मिरची कमी टाकते."

"शेवटी फार हाल झाले म्हणे पेई शिनच्या आजींचे."

कात्री थांबली. "कुणाच्या आजीचे?"

"पेई शिनच्या. तिनं लिहिलंय ना. डोळ्यांदेखत गेल्या म्हणून."

"पेई शिनची आजी मी."

झुलहिल्मी सरांचा चेहरा निबंधातल्यासारखा चादरीगत पांढरा पडला. "मग... दुसऱ्या आजी?"

"दुसरी सितियावानला असते. काल पत्त्यांत जिंकून आलीय, तिला काय धाड भरलीय?"

एव्हाना सरांनी पाकीट पुढे केलं होतं, आणि पुढे आलेले पैसे घ्यायचे या दुकानदाराच्या सवयीनं आमानं ते घेतलंही होतं. तिनं हाताकडे बघितलं. पांढरं पाकीट. स्वतःच्या मयताचा आहेर, स्वतःच्या हातात, आणि तोही ऐंशीव्या वाढदिवसाची जेवणावळ तोंडावर आली असताना! तिनं ते पाकीट गरम पातेलं सोडावं तसं सोडलं. दुकानात खाणाऱ्यांची एकही काडी ताटलीला लागेना. बिचारे सर पाकीट उचलावं की माफी मागावी या विचारात वाकलेल्या अवस्थेतच राहिले.

आणि आमा जिना चढली. गुडघ्यांसकट. हातात कात्री. मागोमाग मी, कारण असलं काही सोडून कोण खात बसेल?

वर पाठांतर रंगात आलं होतं. आमाला दारात बघून ते जिथल्या तिथे बुडालं.

"मास्तर, मी मेले कधी?"

मास्तर सवयीनं एखादा वाक्प्रचार शोधू लागले. "आमा, हा केवळ वाङ्मयीन मृत्यू आहे..."

"कुठला का असेना. मेले कशानं?"

पेई शिन बाकाखाली शिरायच्या बेतात होती. "हार्ट अटॅकनं, आमा."

"आणि तुझ्या दादाच्या वेळी?"

"त्यानंच. निबंध तोच आहे."

"म्हणजे ताईच्या वेळीसुद्धा! आणि मी प्रत्येकाच्या निकालाला गल्लीत शुभाची लाल अंडी वाटली!" आमानं मास्तरांकडे मोर्चा वळवला. "आणि हे रोज चारला ओरडतात ते? मी खाली लोकांना सांगते, ऐका किती गोड. ते काय असतं?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चौथा परिच्छेद," ते हळूच म्हणाले. "अंत्ययात्रा."

आमानं निकाल दिला. "वाढदिवसाच्या आत मला जिवंत कर. ज्या इंग्रजीत मारलंस त्याच इंग्रजीत. सगळ्या पोरांनी तेच पाठ करायचं, आणि जेवणावळीत माझ्या नातीनं सगळ्यांसमोर वाचायचं. नाही जमलं तर खोली खाली कर. बबल टीवाला कधीचा मागतोय."

मास्तरांना त्या खोलीबाहेर आयुष्य नव्हतं. खोलीत ते कनगसबै मास्तर. खोलीबाहेर छत्री घेतलेला एक निवृत्त गृहस्थ, ज्याला बघून लोक वळतात. घरी क्लास घ्यावा, तर त्यांच्या बायकोनं, मंगलेश्वरींनी, आधीच सांगून टाकलेलं, "एका तोंडाचं इंग्रजी मी ऐकून घेते. एवढ्या तोंडांचं नाही."

आणि अडचण खरोखरच मोठी होती. मास्तर दोन रात्री कोठारं धुंडाळत होते. मरणाचे वाक्प्रचार ढिगानं. आजाराचे पुष्कळ, विरहाचे भरपूर. पण एक म्हातारी सकाळी उठते, काम करते, धडधाकट आहे आणि तिला काहीही झालेलं नाही, यासाठी इंग्रजांनी काय करून ठेवलं होतं? "त्यांच्या आज्या जगत नव्हत्या की काय?" मास्तर वैतागून म्हणाले.

पहिला खर्डा घेऊन ते आमाकडे आले तेव्हा त्यांनी तडजोड काढली होती. आमा मरायला टेकते, पण वाचते. पेई शिननं एकेक वाक्य घरच्या भाषेत करून सांगितलं.

"आमा मृत्यूच्या दारात उभी होती..."

"मी माझ्या दुकानाच्या दारात उभी असते. पुढे?"

"पण डॉक्टरांनी तिला काळाच्या जबड्यातून..."

"डॉक्टर नको. माझ्या वाढदिवसात डॉक्टर कशाला? काढ."

डॉक्टर काढल्यावर निबंधात काही उरेना. दुसऱ्या खर्ड्यात मास्तरांनी घरातलं जुनं मांजर मारून बघितलं. आमानं विचारलं, "हे माझ्याबद्दल आहे की मांजराबद्दल?" तिसऱ्यात आमा बाजारात हरवते आणि सापडते. "मी? हरवते? या बाजारात? मास्तर, बबल टीवाला उद्या माप घ्यायला येतोय."

त्या संध्याकाळी मंगलेश्वरींनी नवऱ्यापुढे इडिअप्पम ठेवत विचारलं, "तुम्ही त्या बाईला कधी बघितलंय तरी का?"

"बघितलंय म्हणजे? रोज तिच्यासमोरून जिना चढतो."

"छत्री उघडून. आणि तोंडात मांजरं-कुत्री घेऊन. जाऊन बसा की एक सकाळ खाली. खायला मिळेल आणि माझाही कान रिकामा राहील."

मास्तर जाऊन बसले. पूर्ण बाह्या, वही, पेन, समोर ची चोंग फनची ताटली. पहिल्या तासात त्यांना काहीच सुचलं नाही, कारण आमा काही विशेष करत नव्हती. सुरळी कापत होती. बँकेच्या साहेबाला म्हणत होती, "पोट बघ जरा, अर्धीच देते तुला." रिक्षावाल्या पोराला न मागता दुप्पट वाढून म्हणत होती, "रडतोयस कशाला, बायको माहेरीच गेलीय ना, लंडनला तर नाही?" मास्तरांच्या टेबलाशी घुटमळणाऱ्या पेई शिनला ओरडत होती, "शाळेत जा, आणि आज कुणाला मारू नकोस!" मास्तर लिहीत गेले. वाक्प्रचार एकही बसेना. शेवटी त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि लाजत लाजत दुपारी आमासमोर उभे राहिले, जणू खरोखरच बनियनवर आलेत.

पेई शिननं वाचलं. माझी आजी पहाटे उठते. तिच्या कात्रीच्या आवाजानं मला जाग येते. ती सगळ्यांना रागावते, आणि जो जास्त रागावून घेतो त्याला जास्त वाढते. सगळं असंच, लहान लहान. वाचताना पोरीनं मधेच बाहीनं नाक पुसलं. मीसुद्धा दुकानाच्या छताकडे बघत राहिलो. आता आमा डोळे पुसणार, मास्तरांना आयुष्यभराची चूक उमगणार, आणि गावातलं इंग्रजी एकदाचं सरळ होणार, असं मला वाटलं.

आमा म्हणाली, "संपलं?"

"हो," मास्तर म्हणाले.

"आणि थाट कुठाय?"

"कसला थाट?"

"मेले तेव्हा आकाशातून वीज पडली. नद्या वाहिल्या. काय काय झालं! आणि जिवंत आहे तर ही पहाटे उठते आणि सुरळी कापते? मास्तर, मी काय इतकी स्वस्त आहे? हे तर मला रोज माहितीच आहे. इपोहहून दातांचे डॉक्टर लोक येणार आहेत, त्यांना हे ऐकवू? भारी शब्द घाल!"

मी मास्तरांचा चेहरा बघितला. सत्तरीच्या माणसाचा चेहरा क्षणात पोरासारखा झालेला मी तेवढाच एकदा पाहिला. "भारी शब्द?" त्यांनी पुन्हा विचारलं, खात्री करून घ्यायला. "आमा, तुम्ही म्हणता म्हणून!" आणि ते जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढले.

जेवणावळ चौकापलीकडच्या हॉटेलात झाली. दीर्घायुष्याच्या लांबच लांब नूडल्स, पीच फळाच्या आकाराचे गुलाबी पाव, आमा लाल ब्लाउजमध्ये. झुलहिल्मी सरांना आवर्जून बोलावलेलं. ते लाल पाकीट दोन्ही हातांनी देऊन एका कोपऱ्यात संत्र्याचा रस पीत बसले होते, आणि पाकिटाचा रंग लालच आहे ना हे त्यांनी देण्याआधी तीनदा बघितलेलं मी पाहिलं. मास्तर मंगलेश्वरींशेजारी बसले होते, सदऱ्याची बटणं पुन्हापुन्हा चाचपत. बबल टीवालाही आला होता. तो निवांत होता.

पेई शिन उभी राहिली. एक वाक्य इंग्रजीत, लगेच तेच घरच्या भाषेत.

"माझी आजी लोखंडी मुठीनं राज्य करते."

टेबलांवर खसखस पिकली. आमानं मान डोलावली. "हे खरं आहे."

"संकट आलं की ती बैलाला शिंगांनी धरते."

"हेही खरं. पेनांगच्या नातजावयाला विचारा." जावयानं नूडल्समध्ये तोंड घातलं.

"तिची जीभ वस्तऱ्यासारखी आहे आणि काळीज सोन्याचं."

"दोन्ही पुन्हा वाच," आमा म्हणाली.

आणि अशी पानामागून पानं. कात्रीच्या प्रत्येक कचक्यावर एक अलंकार, मिरचीच्या प्रत्येक चमच्यावर एक विशेषण. साध्या खर्ड्यातलं एकच वाक्य मास्तरांनी तसंच ठेवलं होतं, जो जास्त रागावून घेतो त्याला जास्त वाढते, आणि ते बहुधा त्याच्या अंगावर घालायला काही सापडलं नाही म्हणूनच. इतकं भारी इंग्रजी एका जिवंत बाईवर एकाच वेळी पडलेलं आमच्या जिल्ह्यात कुणी ऐकलं नसेल. वाचन संपलं तेव्हा दातांचा डॉक्टर रडत होता. कोपऱ्यात झुलहिल्मी सर तर रडत होतेच.

आमानं बबल टीवाल्याकडे बघून हात हलवला, माशी हाकलावी तसा. मग मास्तरांना म्हणाली, "बस वर. आणि पुन्हा मारलंस तर बघ."

खोली राहिली. पण परीक्षा पुढच्या महिन्यावर, आणि आमाची गोष्ट गावभर झालेली. दुसऱ्या दिवशीपासून आज्या क्लासवर येऊ लागल्या. दोरायसामींच्या घरची आजी आली, कसाईगल्लीतली आली, एक तर काठी टेकत नदीकिनाऱ्याकडून आली. सगळ्यांचं म्हणणं एकच: आम्हीही नाही मरणार. पालक अस्वस्थ. "मास्तर, जिवंत आजीवर ए मिळतो का? धोका नको." आमाच्या थाटाचा निबंध फक्त आमालाच बसत होता. दुसऱ्यांच्या आज्या लोखंडी मुठीनं राज्य करत नव्हत्या, त्या आपल्या टीव्ही बघत होत्या. आणि मास्तरांच्या कोठारात त्या सगळ्या विजा, नद्या आणि लक्ष तुकडे बिनकामाचे पडून.

मास्तरांनी विचार केला, आणि नव्या निबंधाचे कागद माझ्याकडे झेरॉक्सला आणले. मी मथळा वाचला आणि मशीन बंद केलं. 'माझ्या लाडक्या शिकवणीच्या मास्तरांचा मृत्यू.'

"मास्तर, हे काय?"

"कुणीतरी जायला हवंच ना? माझ्या मरणाची तक्रार करायला माझी आजी नाही."

"आणि मंगलेश्वरी आक्का?"

"तिला अजून सांगितलेलं नाही."

आक्कांना संध्याकाळपर्यंत कळलं. त्या खालून वर आल्या, पोरांसमोर उभ्या राहिल्या, गळ्यातली थाली, म्हणजे मंगळसूत्र, दाखवून म्हणाल्या, "ही गळ्यात असताना मला विचारल्याशिवाय मरता? आणि तेसुद्धा इतक्या पोरांच्या हातून?" मग एका पोरीचा निबंध उचलून वाचू लागल्या. इंग्रजी त्यांना चांगलं येतं, बोलत नाहीत एवढंच. वाचून झाल्यावर कागद परत ठेवला. "या पोरीनं तुमच्या छत्रीचं लिहिलंय," त्या एवढंच म्हणाल्या, आणि घरी गेल्या. त्या दिवसापासून मास्तर क्लासला निघताना त्या त्यांच्या कपाळाला आठवणीनं विभूती लावतात.

आता चारला वरून मास्तरांच्या अंत्ययात्रेचा घोष येतो. मास्तर स्वतः ठेका धरतात. परवा मी नोट्स द्यायला गेलो तेव्हा ते लाल पेन घेऊन निबंध तपासत होते. एका निबंधावर त्यांचे डोळे चांगलेच ओलावलेले. चष्मा काढून पुसला, आणि तळाशी लिहिलं, 'दुःख कमी पडतंय. आणखी दोन वाक्प्रचार घाल.'

इतक्यात जिन्यावर रबरी सपाता वाजल्या. आमा स्वतः ताटली घेऊन वर आली होती. हल्ली तिनं पेई शिनकडून रोजच्या पाठांतराचा अर्थ समजून घ्यायचा नेम केलाय. तिनं ताटली मास्तरांसमोर आदळली आणि कात्रीनं सुरळीचे तुकडे करत म्हणाली, "गरम आहे तोवर खा. मेलेल्या माणसांपुढे सगळे थंडच वाढून ठेवतात."

"आमा, मी डेझीच्या फुलासारखा..."

"खा," आमा म्हणाली, आणि दुप्पट वाढलं.